दुसरा घाव

पायाखालचं बटण दाबलं, लाल दिवा लागला आणि काहीच झालं नाही. म्हणजे गिटार वाजली. गाण्याच्या तोंडाशी गिटारीचा जो तुकडा आहे तो मी वाजवला, तो दोन्ही बाजूंच्या उंच स्पीकरांतून मंडपभर गेला, पुढच्या खुर्च्यांवर फेटे बांधून बसलेल्यांच्या कानावर आदळला, सगळं नेहमीसारखं. पण एकदाच. प्रत्येक सूर एकदा आला आणि मेला. ज्यासाठी मी ते बटण दाबलं होतं, ज्यासाठी ती हिरवी डबी उशाशी घेऊन झोपत होते, ते झालंच नाही. सूर परत आला नाही. वैशाखातली भर दुपार, मांजरसुंब्याच्या चौकापासून थोडं पुढं हायवेला चिकटलेलं मंगल कार्यालय, पत्र्याखाली शिजत बसलेली माणसं, त्रिंबक मुकादमाच्या पोराचं लग्न, आणि स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात चमकीचा ड्रेस घालून उभी असलेली मी, बबनरावांच्या ऑर्केस्ट्राची लेडीज गिटारिस्ट दीपमाला. बोर्डावर असंच छापतात. ढोलकीवाल्याला ढोलकीवाला म्हणतात, गाणारीला गायिका, मला मात्र लेडीज. मी खाली पाहिलं. दिवा लालच होता. पुन्हा दाबून बंद केलं, पुन्हा चालू केलं. माझ्या अंगातून एक कळ गेली, उन्हात तापलेल्या लोखंडाला चुकून हात लागावा तशी, आणि त्या क्षणी मला काही समजलं नव्हतं तरी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते. शरीराला आधी कळतं. डोकं नंतर, मागून येतं.

डिले पेडल म्हणतात या डबीला. गिटारीची वायर हिच्यात एकीकडून शिरते आणि दुसरीकडून बाहेर पडते. मधल्या वेळात ही तुमचा सूर लक्षात ठेवते आणि थोड्या उशिरानं तुम्हालाच परत करते, मग आणखी बारका करून परत, मग आणखी बारका. तीन गोल बटणं आहेत. टाइम म्हणजे किती उशिरानं परत करायचं, फीडबॅक म्हणजे किती वेळा, आणि मिक्स म्हणजे तुमचा मूळ आवाज किती ठेवायचा, मागून येणारा किती. शिवाय पायानं दाबायची दोन बटणं, एक चालू-बंदचं आणि दुसरं टॅपचं. टॅपवर पायानं ठेका धरला की डबी त्या ठेक्यात बोलायला लागते. पुण्याच्या कुठल्याशा पोरानं वापरून कंटाळून विकायला काढली होती. कंटाळला कसा असेल हा हरामखोर? मी बीडला बार्शी नाक्याजवळच्या माझ्या खोलीत ती पहिल्यांदा जोडली, एक सूर टाकला, आणि तो परत आला तेव्हा मी मोठ्यानं हसले. मग आणखी एक टाकला. आधीचा अजून गेला नव्हता, दोघं एकमेकांच्या अंगावर पडले, तिसरा मध्येच घुसला, आणि माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत कुणीतरी आलं. खरंच कुणीतरी आलं. इतकी वर्षं मी एकटीच वाजवत होते, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, कुणाच्या बापाची शिकवणी न लावता, आणि आता माझ्याशी कुणीतरी बोलत होतं, माझ्याच आवाजात, पण जरा थांबून, जरा विचार करून. घरमालकीण रतनबाईंनी दार वाजवलं होतं. "कोण आलंय गं आत? दोघी दोघी कावून वाजवायल्यात?" मी म्हणाले, कुणी नाही काकू, मीच आहे. त्यांनी आत डोकावून कॉटखालीसुद्धा पाहिलं.

आणि आता इथं, एवढ्या मोठ्या स्पीकरांत, ती दुसरी नव्हती. गायिका पहिल्या कडव्यावर आली होती. मी हातानं वाजवत होते आणि डोक्यानं वायर तपासत होते. गिटारीपासून डबी, डबीपासून जमिनीवरून सुग्रीवच्या मिक्सरपर्यंत. सुग्रीव म्हणजे आमचा साउंडवाला, स्टेजच्या बाजूला टेबल टाकून बसतो, तोंडात कायम सुपारी. त्यानं मला डबीसाठी सॉकेट दिलं नव्हतं, म्हणून मी चौकोनी बॅटरी घातली होती, आणि ही डबी बॅटरी पाण्यासारखी पिते. संपली असेल? मग दिवा कसा? दिवा आहे म्हणजे बॅटरी आहे. वायर तुटली असेल? मग गिटार कशी ऐकू येते? गिटार ऐकू येत होती. स्वच्छ, गोल, धुऊन पालथ्या घातलेल्या भांड्यासारखी. दुसऱ्या कडव्याआधी गिटारीचा एक अवघड तुकडा आहे, वरून खाली घरंगळत येणारा, तो बसवायला मला उन्हाळाभर लागला होता. तो तुकडा आला. आणि माझ्या हाताला काय झालं मला माहीत नाही, मी विचार करून काही केलं नाही, हात आपला आपण उचलला गेला. दोन्ही हात. डावा गिटारीच्या दांडीवरून, उजवा तारांवरून.

गिटार वाजत राहिली.

तो सगळा तुकडा वरून खाली घरंगळत आला, एक सूर न चुकता, आणि मी दोन्ही हात हवेत धरून उभी होते, पोलिसानं हात वर करायला सांगितल्यासारखी. पुढच्या रांगेतलं एक पोरगं माझ्याकडे बघून हसलं, त्याला वाटलं ही स्टाइल आहे. ड्रम पेनड्राइव्हवरून वाजतात हे मला ठाऊक होतं, बासरीही, व्हायोलिनही; मी काही दुधखुळी नाही. पण गिटार माझी, असं मला सांगितलेलं होतं. साउंड चेकला मी तार छेडायचे तेव्हा स्पीकर थरथरायचे, बबनराव अंगठा दाखवायचे, वा बेटा. मग शो सुरू व्हायचा. चुकले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी इथं चुकीचा सूर मारते आणि तिथून बरोबर येतोय, एवढं तर बहिऱ्यालाही कळेल. पण मी चुकलेच नाही. घोटून घोटून मी ते तुकडे इतके तंतोतंत बसवले की मी आणि पेनड्राइव्ह यांच्यात बोट शिरायला जागा राहिली नाही. चांगली वाजवत होते म्हणून मला कळलं नाही की मी वाजतच नाही. धारूरच्या जत्रेतला शो, केजचं ते साखरपुड्याचं स्टेज, नेत्यांचे वाढदिवस, गणपती, हळदी, बीडच्या स्टेडियमजवळचा महिला दिनाचा कार्यक्रम, तिथं तर मला शाल दिली होती, महिला शक्ती म्हणून. मुक्या गिटारीला शाल! मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. जे आलं ते रागासारखं होतं, पण त्याला चव होती, जिभेवर बॅटरीची टोकं लावली की झिणझिणतं तशी. सापडला, असं मी मनात म्हणत होते. सापडला, सापडला. काय सापडलं ते नंतर बघू.

माय विचारायची. माझी माय, भिवराबाई, ऊसतोडीवरून आली की उन्हाळ्यात एखाद्या शोला यायची, मागं बायकांत पदर घेऊन बसायची आणि घरी गेल्यावर विचारायची, "त्यातलं तुजं कंचं गं?" मी चिडायचे. सगळं माझंच की माय, गिटारीचं आहे ते सगळं! ती म्हणायची, "तसं न्हाई. तू वाजवाया लागलीस की मला खुणव, म्हंजी मी ऐकंन." मी वाजवतच असते, मी ओरडायचे. तिला गिटारीतलं काही कळत नाही असं मी धरून चालले होते, आणि तिला कळत नव्हतंच. ती फक्त लेकीला शोधत होती त्या गलक्यात, आणि ती सापडत नव्हती.

गाणं संपलं. टाळ्या. मंडपवाल्याच्या भोंग्यावरून परमेश्वर गुरुजी सुरू झाले. लग्नात पाहुण्यांची नावं पुकारायला शाळेच्या गुरुजींना बोलावतात. स्टेजशेजारच्या कडुलिंबाला पांढरा भोंगा बांधलेला असतो, त्याचा ॲम्प्लिफायर वेगळा, वायर वेगळी, आमच्या ऑर्केस्ट्राशी त्याचा काही संबंध नाही. शिरूर कासारचे अमुक आलेले आहेत, त्यांचं मुकादम परिवारातर्फे हार्दिक स्वागत. धारूरचे तमुक आलेले आहेत. मी स्टेजवरून उतरले, गळ्यात गिटार तशीच, आणि सुग्रीवच्या टेबलाशी गेले.

"सुग्रीव, माझी लाइन?"

"हाय की."

"वर हाय का खाली?"

तो सुपारी चघळायचा थांबला. मग हसला, वाईट नाही, खरंच आश्चर्य वाटल्यासारखा. "खालीच ऱ्हाती ती. तुला ठाव न्हाई?"

"कधीपासून?"

"आता कधीपासून काय. पयल्यापासनं. पेनड्राइव्हमधी गिटार हाय की. डबल कावून वाजवायची?"

"आणि चेकला?"

"चेकला वर असती. शेठ म्हणले, पोरीला बरं वाटू दे."

पोरीला बरं वाटू दे. हे वाक्य मी तिथं उभ्या उभ्या चार-पाच वेळा ऐकलं, त्यानं एकदाच म्हटलं तरी. फीडबॅक जास्त ठेवला की असं होतं. तेवढ्यात बबनराव आले, रुमालानं गळा पुसत, पांढऱ्या बुटांत. "दीपमाला बेटा, हासणं कावून बंद केलंस? आन हात कशाला वर केल्ते मगाशी? मुकादम बगत व्हते."

"बबनराव, माझी लाइन वर करा."

"कशाला?"

"लोकांना ऐकू जाऊ दे."

"अगं, ऐकायला कोण आलंय?" ते इतक्या मायेनं बोलले की मला त्यांच्या बुटांवर थुंकावंसं वाटलं. "वाजवणारे मला ढिगानं मिळतेत. गिटार धरून उभी ऱ्हाणारी पोरगी सगळ्या जिल्ह्यात एकच हाय. आन तू चुकत न्हाईस. बोटं बरोबर पडतेत. लोकांना वाटतं तूच वाजवायलीस."

"मीच वाजवत होते!"

"तेच म्हणतोय मी," बबनराव म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. "पंगत झाल्यावर दुसरा राउंड. पाणी पी. हासत ऱ्हा."

पंगत बसली. मुकादमाच्या घरचं लग्न म्हणजे टोळीचं काम, हे आमच्याकडे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. त्याच्या हाताखाली ऊस तोडणारी सगळी जोडपी आज इथं राबत होती. पाहुणे म्हणून पत्रिका मिळालेली, आणि आल्याबरोबर हातात घमेलं. माझा बाप, माझा आबा, पागोटं सावरत, पंगतीतून पाण्याचा जग घेऊन फिरत होता. माय कार्यालयाच्या मागच्या अंगणात बायकांबरोबर कांदा कापत असणार. विळीवर नाही, सुरीनं, उभ्यानं. तिला फार वेळ वाकवत नाही आता. मुकादम तिला भिवराबाई म्हणत नाही. त्याच्या लेखी आबा आणि माय मिळून एक कोयता. माणसं दोन, कोयता एक. किती कोयते आणलेस रे यंदा, असं कारखान्यावर विचारतात, आणि त्या मोजणीत कुठली बाई कुठं जाते ते कुणाला सांगता येत नाही. माझ्या डोक्यात हे सगळं एकदम उजळत होतं, एकामागून एक दिवे लागावेत तसं, आणि मला त्या उजेडाची भीती वाटत नव्हती, गंमत वाटत होती, मी जवळजवळ नाचत होते त्या पत्र्याखाली.

कारण मला घाव ऐकू यायला लागले होते. मी लहानपणी उसाच्या पाचटाच्या कोपीत, त्या बुटक्या झोपडीत निजायचे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ कुठंतरी, अंगावर गोधडी आणि गोधडीवर दव. आबा आणि माय अंधारातच उसाच्या फडात उतरायचे. मी डोळे न उघडता ऐकायचे. आधी आबाचा घाव. खच्च. मग जरा थांबून मायचा, बारका, जरा लांबून. खच्च. दोघं शेजारच्या सऱ्यांत, तो पुढं, ती मागं. खच्च, आणि खच्च. मध्ये उसाचं सळसळणं, तोडलेलं टिपरं बाजूला टाकल्याचा आवाज. मला ते दोन घाव एकाच माणसाचे वाटायचे. एक खरा आणि दुसरा त्याचा मागून येणारा. आबा तोडतो आणि त्याचा आवाज कुठंतरी आपटून परत येतो, असं मला कळत्या वयापर्यंत वाटत होतं. आणि एकदा पहाटे आबाला ताप होता, तो माझ्याशेजारी कोपीत पडलेला, कण्हत, आणि बाहेर तो दुसरा घाव चालूच होता. पहिला नव्हता. दुसरा होता. खच्च, खच्च, खच्च, नेहमीपेक्षा जोरात. मी उठून बसले होते. भूत बघितल्यासारखी मी आबाच्या अंगाला बिलगले होते. मी हे विसरले होते. कसं विसरले? त्या दिवशी मायनं दोघांचा फड तोडला आणि संध्याकाळी मुकादम म्हणाला, आज कोयता अर्धाच चालला.

परमेश्वर गुरुजींचं टेबल रिकामं होतं. गुरुजी पहिल्या पंगतीला बसले होते, मुकादमाच्या शेजारी, पुरणपोळीवर तूप वाढून घेत. भोंग्याचा ॲम्प्लिफायर चालू होता, निळा दिवा लागलेला, माइक आडवा ठेवलेला. मी त्याच्या मागे वाकले. माइकची पिन आणि माझ्या गिटारीची पिन, एकच जात. हे मला आधीपासून माहीत होतं आणि त्याचा उपयोग कधी केला नव्हता, याचंच मला हसू आलं. मी स्टेजवरून डबी आणली, बगलेत, वायरी ओढत, आणि कुणी अडवलं नाही, कारण गिटार घेऊन इकडून तिकडे जाणारी पोरगी ही बबनरावांच्या ऑर्केस्ट्रात बघायचीच गोष्ट आहे. डबी खाली मातीवर ठेवली. बॅटरी किती उरली असेल? असेल तेवढी. माइक उपटला. डबीतून निघालेली माझी पिन घातली. ॲम्प्लिफायरचं बटण फिरवलं, शेवटपर्यंत. कडुलिंबातल्या भोंग्यानं आधी घसा खाकरला.

मग मी एक सूर मारला.

काय आवाज होता तो! भोंग्याला खर्ज नसतो, गोलाई नसते, त्यातून गुरुजींचं स्वागतही पत्रा कापल्यासारखं येतं. माझा सूर त्यातून बाहेर पडला तो करवतीसारखा, कच्चा, उघडा, आणि पुढच्याच दमात परत आला, आणि परत, हायवेपर्यंत गेला, पलीकडच्या ढाब्यांवर बाजांवर झोपलेले ट्रकवाले उठून बसले असतील. अख्खी पंगत थांबली. हातातले घास हातात. आणि कुणीतरी, कुठूनतरी, पुरुषाच्या जाड आवाजात ओरडलं, "कोण वाजवायलंय बे ते? बंद करा!"

बंद करा. मला कुणी बंद करा म्हणालं होतं! माझ्या आयुष्यातली पहिली दाद. आजवर मला वा म्हणाले, छान म्हणाले, शाल दिली, फोटो काढले. बंद कर असं कुणी म्हणालं नव्हतं, कारण बंद करण्यासारखं काही चालूच नव्हतं. मी दुसरा सूर मारला नाही. डाव्या हाताचा तळवा सगळ्या तारांवर दाबून धरला, म्हणजे सूर उरत नाही, नुसता घाव उरतो, आणि उजव्या हातानं तारांवर हाणलं.

खच्च.

आणि मागून, बारका, खच्च.

थोडं लवकर आलं. मी टॅपच्या बटणावर पाय ठेवला आणि डोळे मिटले, कोपी आठवली, गोधडीवरचं दव, आबाचा घाव आणि मग ते थांबणं. किती? एवढं. पायानं दोनदा दाबलं. डबीनं ऐकलं. आता मी हाणायचे आणि ती बरोबर त्या जागी यायची, जिथं माय यायची. फीडबॅकचं बटण फिरवलं. एकाचे दोन, दोनाचे चार, एक सरी, दोन सऱ्या, फड उभा राहिला भोंग्यात. पंगतीत कुणी ओरडत होतं, कुणी हसत होतं, आणि वाढणारी माणसं, टोळीची माणसं, ती मात्र मान वाकडी करून ऐकत होती. त्यांना कळलं होतं की काय मला माहीत नाही. आबा एका पाहुण्याच्या ग्लासात पाणी ओतत होता आणि ग्लास भरून पाणी पत्रावळीवर सांडत होतं, आणि तो भोंग्याकडे बघत होता. बबनराव मंडपाच्या दुसऱ्या टोकाकडून निघाले होते. पांढरे बूट चिखलात पडत होते, पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी सगळा रबडा झालेला. त्यांना पोचायला वेळ होता. थोडा वेळ होता.

मी वाकले आणि मिक्सचं बटण पकडलं. हे बटण मी कधी पूर्ण फिरवलं नव्हतं. पूर्ण फिरवायला कुणी घेतच नाही ते. मधे ठेवतात, अर्धं हे अर्धं ते, बरं वाटतं कानाला. पूर्ण फिरवलं की मूळ आवाज जातो. तुम्ही तार छेडता आणि काही येत नाही, आणि मग मागून येणारा तेवढा येतो. मी ते फिरवलं. अडेपर्यंत. तारांवर हाणलं. भोंगा गप्प. आणि मग, ती जागा आली तेव्हा, एकटा, कुणाच्या मागं नाही, कुणाच्या शेजारी नाही, मायचा घाव.

खच्च.

पुन्हा. खच्च. आबाला ताप आलेली ती पहाट. मी फीडबॅक शेवटपर्यंत नेला, आता तो मरणार नव्हता, बारका होणार नव्हता, येतच राहणार होता, आणि माझ्या घशातून एक आवाज आला, हसणं म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

"दीपमाले!" बबनराव धापा टाकत पोचले. बेटा गेलं, दीपमाले राहिलं. "येड लागलं का गं? मुकादमाच्या पंगतीत? बंद कर! बंद कर म्हणतो!"

"मी वाजवत नाहीये," मी म्हणाले आणि दोन्ही हात वर केले. तसेच, मघासारखे.

खच्च, भोंगा म्हणाला.

बबनरावांनी गिटारीतली वायर धरली आणि हिसडा मारून उपटली. त्यांना एवढंच ठाऊक, गिटार वाजते म्हणजे वायरीतून वाजते. वायर त्यांच्या हातात आली, पिन लोंबत, आणि ते जिंकल्यासारखे वर भोंग्याकडे बघायला लागले.

खच्च.

त्यांनी हातातल्या वायरीकडे पाहिलं. मग माझ्या गिटारीकडे. मग पुन्हा वायरीकडे. "आरं हे... हे कुठून यायलंय? सुग्रीव! सुग्रीव, बंद कर बे ते!"

"माझ्याकडं काय न्हाई शेठ," सुग्रीव तिकडून ओरडला, दोन्ही हात मिक्सरवरून उचलून दाखवत, आणि त्याच्या आवाजात हसू होतं. "तुमच्याच हातात हाय वायर!"

सगळी पंगत हसली. बबनराव पिन पुसायला लागले, का कोण जाणे. डबी त्यांच्या बुटापाशी मातीत पडलेली होती, लाल दिवा लावून, आणि त्यांना ती दिसत नव्हती. आत तो घाव गोल फिरत होता, स्वतःलाच स्वतःच्या हातात देत. मला बॅटरीची चिंता वाटत होती. थोडं थांब, मी डबीला म्हणत होते, जरा थांब, एवढ्यात नको. कारण मागच्या अंगणाकडून, बायकांच्या घोळक्यातून, हातात सुरी तशीच, डोळे कांद्यानं लाल, माय येत होती. ती कमरेवर हात ठेवून चालते. लोक तिला वाट देत होते, सुरीमुळं असेल.

ती आमच्यापाशी येऊन थांबली. बबनरावांच्या हातातली वायर बघितली, माझे वर केलेले हात बघितले, झाडावरचा भोंगा बघितला. ऐकलं. आणखी एकदा ऐकलं.

"वायर तर ह्येंच्या हातात हाय," ती म्हणाली. "तू बी वाजवंना गेलीस. मग वाजायलंय काय?"

"तू," मी म्हणाले. "तू वाजायलीस, माय."

मान तिरकी करून ती ऐकत राहिली, घाव येऊन गेला, पुढचा आला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली, मला ओळखीची, मी वाकडं झाडलं की पडायची ती. "लई सावकाश कापायलंय," ती म्हणाली. "मी काय अशी कापत व्हते व्हय? हे तुज्या आबाच्या मागं मागं ऱ्हायचं कापणं झालं. एकटी आसले की मी सपाट्यानं कापती."

मी हात खाली घेतले. टॅपचं बटण तिला बोटानं दाखवलं. "यावर पायानं दाब. तू कापतीस तसं."

"पायानं? वाद्याला पाय लावायचा?"

"लाव."

"बाई, सांगा हिला काहीतरी," बबनराव म्हणाले, "मुकादम उठायलेत बगा..." मुकादम खरंच उठत होता, हात न धुता, फेटा सरळ करत. मायनं सुरी माझ्या हातात दिली. चप्पल काढली, बाजूला नीट ठेवली. खाली वाकली, तिला वाकवत नाही तरी वाकली, डबीला बोटं लावून ती कपाळाला लावली, आणि उभी राहून, साडी घोट्यापर्यंत उचलून, भेगाळलेली टाच त्या बटणावर मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली, दात आवळून.

भोंग्यातला आवाज वाकला, ओढल्यासारखा लांब झाला, एक किंचाळी फोडली त्यानं, कडुलिंबातले कावळे उडाले, आणि मग तो मायच्या चालीत बसला. खच्च खच्च खच्च खच्च. मोकळा, झपाझप, कुणाच्या मागं नसलेला. आबानं जग खाली ठेवला. मुकादम अर्ध्या वाटेत थांबला होता, एक पाय पुढं टाकून, आणि वर बघत होता, एवढे दिवस मोजलं नाही ते कुठून आलं म्हणून.

"हां," माय म्हणाली. तिनं पाय काढला नाही.